वीरूच्या भारोभार गूळ

लालासाहेब,

गुळाचं काय करायचं ते तुम्ही अजून कळवलेलं नाही. फोन केला की तुम्ही डाळिंबावर कसला डाग पडलाय ते सांगता, शालूचे गुडघे सांगता, पाणी कधी सुटणार ते सांगता. गुळाचा विषय निघाला की तुमच्याकडची रेंज जाते. मी उभा जन्म कॉलेजातल्या पोरांच्या सबबी ऐकण्यात घालवलाय. रेंज आपोआप कधी जाते आणि माणूस ती कधी घालवतो, एवढं मला कळतं.

रागावलेली नाही. पण तुमची गोष्ट मी आता सांगणार आहे, आणि ती तुमच्या माघारी सांगितली असं नको, म्हणून आधी तुम्हालाच लिहिते. इथे माधवनगरात संध्याकाळी आम्ही बायका फिरायला निघतो, तेव्हा हटकून विषय निघतो की हल्ली एवढीएवढी पोरं फुगतात कशानं. एक म्हणते मोबाईल, दुसरी म्हणते मैदा, तिसरी म्हणते आया नोकऱ्या करतात, चौथी म्हणते आज्यांचे लाड. प्रत्येकीचं कारण दुसरीच्या घरातलं. असली घाऊक उत्तरं मला चालत नाहीत. एक घर घ्या, एक पोर घ्या आणि त्याच्या तोंडात जाणारा घास निघतो कुठून ते डोळ्यांनी बघा. हे करणारा माणूस मी एकच पाहिला, तो तुम्ही. आणि तेही गुळापायी.

तुम्हालाच उद्देशून सगळं लिहीत बसले तर मध्येच तुमच्याशी भांडायला लागेन. तेव्हा तुम्ही जरा बाजूला बसा.

लालासाहेब म्हणजे आटपाडी आणि म्हसवड यांच्या मधल्या एका गावातला, पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला माणूस. गाव त्यांना मेजर म्हणतं. त्या मुलखात पलटणीतून परत आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, मग तिथे त्याने तोफ चालवलेली असो की भात शिजवलेला असो. लालासाहेबांनी नोकरीतली बरीच वर्षं राशनच्या स्टोअरात काढली. डाळीचं पोतं नुसतं कलतं करून ते भरलंय की मारलंय हे सांगायचे. निवृत्तीनंतरही पहाटे पळायला जायचं सुटलं नाही. अंगावर मांस असं नाहीच. बायको शालूबाई म्हणते, "ह्यास्नी वाळत घातलं तरी पानी निगायचं न्हाई."

मुलगा जयराज पलटणीत गेला नाही. तो गलाईला गेला. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात. त्या भागातली निम्मी तरणी पोरं देशभरच्या सराफ पेठांत भट्टीपुढे बसलेली असतात. जयराजचं दुकान तामिळनाडूत, सेलमला. खाली भट्टी आणि तेजाब, म्हणजे सोनं शुद्ध करायचं ॲसिड, वर एक खोली.

जयराज आणि पूजाचा मुलगा वीरधवल, घरातला वीरू, दिवसांआधीच जन्मला. पूजा बाळंतपणाला इकडे आली होती. मिरजेच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा त्याचं वजन लालासाहेबांच्या हिशेबात साखरेच्या एका पुड्याएवढं होतं. आयुष्यभर पोती हलवलेल्या माणसाला त्या पुड्याला हात लावायची परवानगी नव्हती. बाहेर पायरीवर बसून त्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाला सांगितलं, "नाथा, ह्ये जगू दे. पाच वर्साचं झालं की त्येच्या भारोभार गूळ तुज्या दारात वाटीन."

पोरगं जगलं. नवस ठरला. आणि नवसाला शालूबाईने आपल्या माहेरचा एक नियम जोडला: ज्याची गूळतुला बोलली ते पोर त्याआधी कुठल्याच काट्यावर चढवायचं नाही. पहिलं वजन देवापुढे. हा नियम तिच्या आईचा. त्याच आईची थोरली लेक म्हणजे सांगलीची आक्का, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, हे लिहिणारी. दोघी एकाच घरातल्या. एकीनं नियम उचलले, एकीनं डिग्री. गोष्टीत आक्काला फोन उचलण्यापलीकडे फारसं काम नाही.

वीरू अडीच वर्षांचा झाला तेव्हा पूजा त्याला सोडून सेलमला गेली. जयराज एकटा दुकान आणि जेवण दोन्ही रेटू शकत नव्हता, आणि तेजाबाच्या वाफेत एवढं नाजूक पोर न्यायला सगळेच घाबरत होते. सहा महिन्यांची सोय म्हणून ठरलं आणि तसंच राहिलं. आजोबांना पोर मिळालं.

अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की वीरू घरी. अंगणवाडीची ताई दीपमाला गावातलीच, चिवट स्वभावाची. ती दारात यायची.

"आजी, आणा की वो पोराला. मला वरनं इचारत्यात."

"त्येचा नवस हाय."

"सगळ्यांची वजनं हायत, तुमच्याच पोराची जागा मोकळी ऱ्हातीया."

"तुज्या सायबाला सांग, म्हसवडला जाऊन नाथाला इचार."

दीपमालाही मग फार वाद घालायची नाही. वजन घ्यायचं ते वाळलेली पोरं सापडावीत म्हणून, असंच ती धरून चालायची, आणि वीरू काही वाळलेला नव्हता. गाल असे की हसला की डोळे मिटायचे. येणारी-जाणारी म्हणायची, "कसलं बाळसं धरलंय," आणि लगेच दृष्ट नको म्हणून तोंड फिरवायची. काचेच्या पेटीतलं पोर आठवणाऱ्या घराला दुसरं काय ऐकायचं होतं?

वीरूला पाचवं लागून बरेच महिने झाले होते. दिवाळीला जयराज-पूजा येणार, मग मार्गशीर्षात नाथाचा रथ निघतो त्याच्या आधी एखादा रविवार गाठून तुला करायची, असं ठरलं. दसरा झाल्यावर लालासाहेबांनी आक्काला फोन लावला.

"आवं आक्का, तुमच्या मार्केट यार्डात नवा गूळ आला आसंल न्हवं? चांगला, पावडर न मारलेला बगून ठिवा. मी गाडी लावून देतो."

"किती ठेवू?"

"त्येच्या भारोभार."

"तो किती आहे?"

"ते कसं सांगनार आक्का? वजन करायचं न्हाई की."

"मग मी काय अंदाजपंचे उचलून आणू? उरला तर मी पुरणपोळ्या घालत बसायचं का? आकडा सांगा."

लालासाहेब म्हणाले, "करतो कायतरी." आणि इथून त्या माणसाच्या डोक्यात किडा शिरला. काटा न लावता वजन काढायचं. त्यांना तर ते येतच होतं. राशन स्टोअरात त्यांनी दुसरं केलं काय?

दुसऱ्या दिवशी ते वीरूला स्कूटरवर घेऊन बिरदेवच्या किराणा दुकानात गेले. वीरूला फळीवर बसवलं. बिरदेवनं न सांगता त्याच्या हातात क्रीमरोल दिला. लालासाहेबांनी रिकामं पोतं मागितलं आणि त्यात दहा किलोची गुळाची ढेप टाकली. पोतं पाठीवर घेतलं, लिंबापर्यंत जाऊन आले, खाली ठेवलं. मग वीरूला पाठुंगळीला घेतलं, लिंबापर्यंत जाऊन आले. मान हलवली.

"मेजर, गूळ घ्यायचाय का तालीम करायची हाय?" बिरदेवनं विचारलं.

"गप रं. आनखी येक टाक."

दोन ढेपा झाल्या. पुन्हा लिंब. पुन्हा वीरू. वीरूला खेळ आवडला. दुकानात बसलेली दोन माणसं उठून बाहेर आली. एक म्हणाला, "मेजर, तिसरी टाका की, नातवाला काय कमी?"

तिसरी टाकली तर पोतं जड झालं. मग बिरदेवकडची सुट्या विक्रीसाठी फोडलेली अर्धी ढेप घातली. दोन आणि अर्धी. ह्या वेळी लिंबाशी गेल्यावर ते थांबले. पोतं खाली न ठेवता तिथेच उभे राहिले. पाठीला हे ओझं ओळखीचं वाटलं. पट्टे कुठे रुततात, गुडघा कुठे वाकतो, सगळं. पलटणीत पाठीवर बांधून डोंगर चढायला लावायचे तो पिट्टू. भरलेला, कपडा-लत्ता-राशन-पाण्यासकट. गडी माणसाचं ओझं.

"आबा, माजी पाळी," फळीवरून वीरू ओरडला.

त्यांनी त्याला घेतलं नाही. त्याच्याकडे बघत राहिले. पिट्टू मुक्कामाला पोचलं की उतरवता यायचा. गडी तो भिरकावून द्यायचे आणि वर पाय टाकून झोपायचे. हे पोर आपला पिट्टू कुठं उतरवणार?

आक्काला त्यांनी आकडा कळवला नाही. आधी अंगणवाडीत गेले.

"दीपमाला, पाच वर्साचं पोर किती ढेपांचं आसावं?"

"मेजर, किलोत इचारा की."

"किलोत इचारलं तर घरात नियम मोडतोय."

दीपमाला हसली, मग तिनं बोटांवर हिशेब केला. "दीड. लय झालं तर पावनेदोन."

"आनि अडीच आसंल तर?"

ती हसायची थांबली. "मंग मी यवडी वर्सं कसलं बाळसं बगत हुते?"

घरी येऊन त्यांनी शालूबाईला विचारलं, पोर एवढं खातंय काय. शालूबाई उखडली. "खातोय कुठं त्यो? तुमीच बगा. भाकरीचं दोन तुकडं पोटात जाईनात. मोबाईल लावल्याबिगर त्वांड उगडत न्हाई." आणि ती खोटं बोलत नव्हती. ताटातलं ती बघत होती, आणि ताटात तो खरंच काही खात नव्हता.

मग लालासाहेबांनी पहारा लावला. पलटणीतला पहारा: बोलायचं नाही, अडवायचं नाही, फक्त बघायचं. त्यांना राग नव्हता आला, कुतूहल होतं. स्टोअरात माल वाढला तर तो कुठल्या तरी दरवाज्यानंच आत येतो. दरवाजा कोणता?

पहिला दरवाजा निघाला त्यांचाच. पलटणवाल्यांच्या कॅन्टीनमधून ते दर खेपेला चॉकलेटची पावडर आणि बिस्किटांचे मोठे पुडे आणायचे. तिथे स्वस्त मिळतं, आणि कॅन्टीनचा माल म्हणजे चांगलाच असणार. सकाळी दूध, त्यात ती पावडर, त्यात बिस्किटं बुडवून. त्यावर भाकरी जाणार कुठं? अंगणवाडी हाकेच्या अंतरावर, पण वीरू स्कूटरवरून जायचा, कारण काचेच्या पेटीतलं पोर. अंगणवाडीत खिचडी. परत येताना शेजारची चंद्राबाई दारातून हाक मारायची, तिच्याकडे नातवंड नव्हतं, तिचा शेंगदाण्याचा लाडू रोजचा. पाहुणे आले की रिकाम्या हातानं कोण येतंय? गलाईवाल्यांच्या घरात तर महिन्याला कुणी ना कुणी दक्षिणेतून उतरायचा, प्रत्येकाच्या पिशवीत म्हैसूरपाक आणि केळ्याचे वेफर. ते वीरूच्या हातात दिल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही, ही रीत.

बिरदेवच्या दुकानात त्यांना कळलं की क्रीमरोल फुकट नव्हता, त्याचे पैसे कुणीतरी देत होतं. पूजा द्यायची. सेलमहून फोनवरून बिरदेवच्या खात्यावर टाकून ठेवायची. बिरदेव म्हणाला, "वैनी म्हनल्या, त्येला काय मागंल ते द्या, न्हाई म्हनू नगा. तुमास्नी वाटलं आसंल मी फुकाट देतोय."

"मला वाटलं तू चांगला मानूस हायस."

"हायच की. पैसं घिऊन."

दुपारी गावातली पोरं बांधावर उड्या मारायची. वीरू ओसरीवरून बघायचा. तो उठला की शालूबाई आतून ओरडायची, "पळू नगंस, धाप लागंल." तो पळाला की खरंच धाप लागायची, म्हणून ती ओरडायची, आणि ती ओरडायची म्हणून तो पळायचा नाही. ह्या दोनांतलं आधी कोणतं, ह्यावर लालासाहेबांनी एक अख्खी दुपार घालवली. त्यातच एकदा वीरू नुसता गप्प बसलेला होता, काही मागत नव्हता, आणि लालासाहेबांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशात गेला. खिशात लिमलेटची गोळी होती. त्यांनी हात तसाच खिशात ठेवला. पोर गप्प बसलं की आपल्याला भीती वाटते, हे त्यांना तेव्हा कळलं. गप्प बसलं म्हणजे आईची आठवण येत असणार.

पण एवढ्यानं स्टोअरकीपरचं समाधान होईना. सगळं धरूनही हिशेब तुटत होता. कुठला तरी मोठा दरवाजा अजून सापडत नव्हता.

रात्रीची जेवणं उरकली की सेलमहून पूजाचा व्हिडिओ कॉल यायचा. घंटी वाजली की लालासाहेब खुर्ची उचलून अंगणात जायचे. सून बोलत असताना सासऱ्यानं तिथं बसू नये. ती मोकळी बोलत नाही. कुणी शिकवलं नव्हतं, पण अडीच वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशीही खुर्ची अंगणात नेली. फक्त तोंड खिडकीकडे केलं.

आत फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. पडद्यावर पूजा, भट्टीच्या उष्म्यानं चेहरा तकाकलेला, पुढ्यात तिचं ताट. आणि इकडे वीरूच्या पुढ्यातही ताट. पोळी, तूपसाखर, तळलेला बटाटा. तासाभरापूर्वी तो जेवला होता, लालासाहेबांच्या मांडीला मांडी लावून.

"चल बाळा. एक घास मम्मी, एक घास वीरू."

पूजानं घास घेतला. वीरूनं घेतला. तिनं तोंड उघडलं की त्याचं उघडायचं. ताटाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्याकडे बघत खात होता. मध्येच ढेकर आला, ती हसली, तोही हसला, आणि पुढचा घास गेला. शेवटी दूध. "ग्लास दाखव." त्यानं रिकामा ग्लास डोक्यावर पालथा धरला. पूजानं टाळ्या वाजवल्या. मग फोन बंद झाला. वीरू काळ्या पडद्याकडे बघत बसला, आणि शालूबाईनं त्याच्या हातात बिस्कीट दिलं.

लालासाहेब आत आले. "ह्ये रोजचं हाय?"

"तुमी बगत हुता?"

"रोज दोनदा जेवतोय त्यो?"

शालूबाईनं ताट उचललं. "ती तिकडं येकटी जेवत न्हाई. पयल्यांदा ग्येली तवा नुसता भात कालवून तसाच ठिवायची, जयराज सांगायचा. पोरासंगं बसली की चार घास जात्यात तिला. मी कशी सांगू, त्यो जेवलाय म्हनून?"

"आनि पोराचं काय?"

"काय झालं पोराला? हसतंय, खेळतंय."

"खेळत न्हाई. बसतंय."

तिनं ताट मोरीत ठेवलं. मग हळू म्हणाली, "सांगशीला तर ती न्हेल त्येला."

हे लालासाहेबांनाही कळत होतं. त्या घरात वीरू नसला तर काय उरतं ते त्यांनी मनात बघून घेतलं होतं. वर शालूबाईनं दुसरा मुद्दा काढला, आणि तो त्यांना पहिल्याहून जड गेला: तुला तोंडावर आलेली असताना पोराला वाळवायचं म्हणजे देवाच्या गुळात काटछाट करायची. भारोभार बोलायचं आणि मग भारच कमी करायचा, ही फसवाफसवी. राशन स्टोअरात वर्षं काढलेल्या माणसाला मापात मारल्याचा आळ सोसवत नाही.

आक्काचा फोन पुन्हा वाजला.

"आक्का, गुळाचं नंतर. मला येक सांगा. नवस फेडायच्या आदी पोराचं वजन उतरवलं तर देवाला गंडवल्यागत हुतंय का?"

"देवाचं मला विचारू नका, मी बेडूक शिकवले. थांबा, मुलांच्या डॉक्टरांना विचारते."

आक्काच्या ओळखीच्या एक डॉक्टर होत्या सांगलीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एवढ्या लहान पोराला उपाशी ठेवून वजन उतरवत बसायचं नसतं. घरातलं साधं खाणं, खेळायला सोडणं, वेळेवर झोप. वजन आहे तिथं धरायचं आणि उंचीला वाढू द्यायचं. पोर उंच होतं आणि तेच वजन त्याला जुळतं. आणि हो, आधी इथे आणून दाखवा.

आक्कानं हे जसंच्या तसं कळवलं. "समजलं का? अडीच ढेपा तशाच राहतील. पोर उंच होईल. देवाचा गुंजभर गूळ कमी होत नाही."

मग लालासाहेब हसले. "आसं आसंल तर नाथ बी थांबंल म्हना."

"नाथ थांबेल. पूजाला सांगितलंत का?"

तेव्हाही रेंज गेली.

पण गडी चुकला नाही. दोन-तीन संध्याकाळी खुर्ची अंगणातच राहिली, मग एकदा त्यांनी ती उचलून आत आणली आणि वीरूच्या शेजारी ठेवली. पडद्यावर सासरे दिसताच पूजानं तिकडे खांद्यावरची ओढणी डोक्यावर घेतली.

"आबा? काय झालं? बरं हाय न्हवं सगळं?"

"सगळं बरं हाय. तू आदी जेव."

ती कशी जेवणार? हात ताटातच राहिला. लालासाहेबांना गोल बोलता येत नाही. "पूजा, तुज्या फोनच्या आदी त्येचं जेवान झालेलं आसतंय."

"आज?"

"रोज."

तिनं शालूबाईकडे बघितलं. शालूबाई मागून म्हणाली, "तू येकटी जेवली नसतीस."

"नसतेच जेवले," पूजा म्हणाली. ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. "किती झालंय वजन?"

"अडीच ढेपा."

"म्हंजी?"

मग त्यांनी पोतं, लिंब, बिरदेवचं दुकान, पिट्टू, सगळं सांगितलं. वीरू मध्ये मध्ये भर घालत होता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कळायला पायजे हुतं. पण आबा, फोनात वजन दिसत न्हाई वो. मी उन्हाळ्यापास्नं त्येला उचललेलं न्हाई."

त्या रात्री वीरूला दुसरं जेवण मिळालं नाही. तो रडला. पूजा पडद्यावर तशीच बसून राहिली, फोन ठेवला नाही, आणि तो झोपेपर्यंत त्याला भट्टीत बांगडी कशी वितळते ते सांगत होती.

दिवाळीला ती दोघं आली. वीरू फाट्यापर्यंत सामोरा गेला. पूजा वाकली, त्याला उचललं, कमरेपर्यंत आणलं आणि परत खाली ठेवलं. मग तिथेच रस्त्याकडेच्या बॅगेवर बसली आणि त्याला मांडीवर घेतलं. जयराज रिक्षावाल्याशी उगीच भाड्यावरून बोलत राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात ती त्याला आणि सगळ्या घराला घेऊन सांगलीला डॉक्टरांकडे आली. नियम तिनंच मोडला. "आत्ती, काट्यावर तर चढवावंच लागंल," एवढंच सासूला म्हणाली. शालूबाईनं वजन होईस्तोवर डोळे मिटून घेतले. काट्यावरचा आकडा आणि लालासाहेबांचा अंदाज ह्यांत मूठभर शेंगदाण्यांचाही फरक निघाला नाही. एरवी त्यांनी हे गावभर सांगितलं असतं.

पोराला कुठं ठेवायचं हा प्रश्न आक्काच्या स्वयंपाकघरात निघाला. जयराज म्हणाला, "आबा, आता समद्यास्नी कळलंयच की. ऱ्हाऊ दे हितंच. तुमी ध्यान द्याल."

लालासाहेब नुसतं हो म्हणाले असते तरी वीरू राहिला असता. जयराज त्यांच्याकडेच बघत होता. पूजा चपात्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

लालासाहेब म्हणाले, "तिकडं न्हेला तर दोगं बी संगं येकदाच जेवत्याल. हितं ऱ्हायला तर ह्यो दोनदा जेवनार, न्हाई तर ती उपाशी ऱ्हानार." मग जयराजला म्हणाले, "भट्टीपास्नं लांब खोली बग."

लाटणं पुन्हा सुरू झालं.

वीरूची पिशवी लालासाहेबांनीच भरली, पलटणीतल्या घड्या घालून. कॅन्टीनच्या पावडरीचा डबा बाहेर काढून ठेवला. तुला पुढे ढकलली. आक्काला म्हणाले, "पोरानं उंचीनं वजनाला गाठलं की मी सांगतो, तवा आना गूळ. अडीच ढेपा."

वीरू गेल्यावर काही दिवस स्कूटर आपली बिरदेवच्या दुकानापुढे थांबायची. बिरदेव विचारायचा, "काय देऊ मेजर?" आणि त्यांना काहीच घ्यायचं नसायचं.

आता लालासाहेब, तुम्ही पुढे या. तीन वर्षं झाली. ह्या मे महिन्यात वीरू आला होता तेव्हा मीही तुमच्याकडे होते. आठ वर्षांचा झालाय, तमिळमध्ये भांडतो, आणि बिरदेवच्या दुकानापर्यंत अनवाणी पळत गेला; तुम्ही स्कूटरला किल्ली लावेपर्यंत परतसुद्धा आला. मग सांगलीत डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाल्या, आता उंची आणि वजन जुळलं. तुम्ही तिथेच उभे होता. तुम्हाला ऐकू आलं नाही असं नाही.

शालू म्हणते, नवस फिटला की पोराला गावाकडं यायचं काय कारण उरतं, असं तुमच्या मनात आहे. मी तिला म्हटलं, पोर आजोबांसाठी येतं, गुळासाठी नाही. पण तिला मी सांगून काय उपयोग?

मार्केट यार्डातल्या अडत्याला मी अडीच ढेपा सांगून ठेवल्या होत्या. दर वर्षी नवा गूळ आला की तो फोन करून विचारतो, "मॅडम, तुमच्या म्हसवडच्या गुळाची गाडी कधी येनार?" तुम्ही गाडी पाठवायची होती आणि मी बघून, वास घेऊन, भरून द्यायचा होता. गाडी आलेली नाही. मीही यार्डात गेलेली नाही, आणि माझ्याकडे तर रेंज असते.